फोनमधला गोतावळा आणि दारातला गोतावळा

मैत्रिणींनो,

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. जिची आहे तिला विचारून आणि तिची ओळख पटू नये एवढे तपशील बदलून सांगते आहे. आमच्या संघटनेचा वस्तीतल्या बायकांसाठी व्हॉट्सअ‍ॅपवर एक गट आहे. त्यात शंभराच्या वर बायका आहेत. एका रात्री साडेअकराच्या सुमाराला त्या गटावर एकीचा निरोप आला. नवऱ्याने मारून घराबाहेर काढलं होतं, कडेवर धाकटं पोर होतं आणि पाऊस लागला होता. तिने लिहिलं होतं, 'मला बाहेर काढलंय. कुठे जाऊ?'

मी तो निरोप सकाळी सहाला पाहिला. तोवर त्याखाली उत्तरांची रांग लागली होती. रडणारे चेहरे, जोडलेले हात, 'ताई धीर धर', 'पोलिसात जा'. मध्येच कुणीतरी सुप्रभातचं फुलांचं चित्रही टाकलेलं होतं. दार उघडून तिच्यापर्यंत गेलेली मात्र एकही नव्हती. मीही नव्हते.

तिला घरात घेतलं ते दोन दारं सोडून राहणाऱ्या, भाजी विकणाऱ्या आजींनी. त्यांच्याकडे फोन नाही. आमचा असा काही गट आहे हेही त्यांना ठाऊक नव्हतं. आरडाओरडा ऐकून त्यांनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "आत ये गं पोरी, आधी लेकराला कोरडं कर."

गोष्ट इथेच संपवली तर तात्पर्य सोपं आहे: फोन खोटा, शेजार खरा. पण ती इथे संपली नाही.

सकाळी तोच निरोप शेजारच्या तालुक्यातल्या एका कार्यकर्तीने वाचला. तिची आणि या बाईची ओळख नव्हती. एका शिबिरात आमच्याशी भेट झाली म्हणून ती गटात आलेली. तिने दुपारपर्यंत संरक्षण अधिकाऱ्याशी गाठ घालून दिली, एक वकीलबाई मिळवून दिल्या, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली अर्ज कसा करायचा ते फोनवरून समजावलं. आजींची माया मोठी, पण त्यांच्या ओळखीत ना वकील होती ना अधिकारी.

आणि तिसरं. त्याच सकाळी तिच्या निरोपाचं चित्र नवऱ्याच्या भावकीच्या गटावर फिरत होतं. ते आमच्याच गटातल्या एकीच्या फोनवरून गेलं होतं. ती त्याच भावकीतली सून. तिने पाठवलं नव्हतं; तिचा फोन तिचा नवरा उघडून वाचतो. ती नंतर रडत येऊन हे सांगून गेली. दुपारी सासरची माणसं आजींच्या दारात येऊन उभी राहिली.

तेव्हा गटावर एवढंच लिहिलं, 'आजींच्या दारात या, आत्ता.' पंधरा मिनिटांत गल्लीतल्या सात-आठ जणी येऊन उंबऱ्याशी बसल्या. रात्री जोडलेले हात पाठवणाऱ्या त्याच होत्या. पुढे मी त्यांना विचारलं, मग रात्री का नाही आलात? एक जण म्हणाली, "ताई, रात्री मला घराबाहेर कोण सोडणार?"

एका निरोपाने एवढं सगळं घडलं. तेव्हापासून मला आपल्याच बोलण्यातली एक चूक जाणवायला लागली आहे. आपण 'ऑनलाइन' आणि 'प्रत्यक्ष' अशी दोन वेगळी जगं असल्यासारखं बोलतो. काही जणी म्हणतात, फोनने चळवळ बुडवली, आता बैठकीला कुणी येत नाही. काही जणी म्हणतात, फोनमुळेच आपण हजारोंपर्यंत पोचलो. दोन्हीत गृहीत एकच आहे, की फोनमधला गोतावळा वेगळा आणि दारातला वेगळा. प्रत्यक्षात निरोप फिरतो तो भावकीच्या, जातीच्या, गल्लीच्या, माहेर-सासरच्या आधीच पडलेल्या वाटांनी. त्या वाटा कुठे जातात आणि कुठे अडतात, हे समजून घेतल्याशिवाय आपलं काम पुढे जाणार नाही. या अंकाच्या निमित्ताने मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

फोन नव्हते तेव्हाही आपली जाळी होतीच. १९७२ मध्ये आताच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलिस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघा पोलिसांना निर्दोष सोडलं. १९७९ च्या सप्टेंबरमध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिलं. १९८० च्या सुरुवातीला मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला, त्या वर्षीच्या ८ मार्चला अनेक शहरांत बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. ना इंटरनेट होतं, ना घरोघरी फोन. आधीपासून एकमेकींना ओळखणाऱ्या बायकांनी ते काम पुढे नेलं, आणि त्या कामातून कालपर्यंत अनोळखी असलेल्या बायका जोडल्या गेल्या. हेही विसरू नये की त्या जाळ्याला कडा होत्या. शिकलेल्या, शहरातल्या, वाचू-लिहू शकणाऱ्या बायका मध्यभागी होत्या. जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं ती मथुरा स्वतः त्या जाळ्यात कुठे होती, हा प्रश्न आपण आजही स्वतःला विचारायला हवा.

माणसांच्या ओळखीपाळखीचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्यांनी काय पाहिलं, तेही आपल्या कामाचं आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये मांडलं, की घट्ट नात्यांपेक्षा कधी कधी विरळ ओळखी जास्त उपयोगी पडतात. कारण साधं आहे. आपली जवळची माणसं एकमेकांनाही ओळखतात, त्यामुळे आपल्याला ठाऊक असतं तेच त्यांनाही ठाऊक असतं. नवी बातमी येते ती लांबच्या ओळखीकडून. शेजारच्या तालुक्यातली कार्यकर्ती आणि दोन दारांवरच्या आजी यांच्यातला फरक हाच. मात्र बॉस्टनजवळच्या ज्या गावात नोकऱ्या कशा मिळतात याची त्याने पाहणी केली, तिथे त्याने प्रश्न विचारले ते पांढरपेशा नोकरी करणाऱ्या पुरुषांना. ज्यांना रात्री घराबाहेर पडायला कुणाची परवानगी लागत नाही, त्यांच्या ओळखींचा तो हिशेब होता.

पुढे इंटरनेट आलं आणि भीतीही आली. अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये रॉबर्ट क्राउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७३ घरांतल्या १६९ जणांचा अभ्यास केला. १९९८ मध्ये त्यांनी लिहिलं, की इंटरनेट जास्त वापरणाऱ्यांचं घरच्यांशी बोलणं थोडं कमी झालं, गोतावळा आक्रसला आणि एकटेपणा वाढला. वर्तमानपत्रांनी ते उचलून धरलं. पण त्याच माणसांकडे काही वर्षांनी परत गेल्यावर त्यातले बहुतेक दुष्परिणाम विरून गेलेले दिसले, आणि २००२ मध्ये त्यांनी तेही प्रामाणिकपणे लिहिलं. एकदा पाहून निकाल देऊ नये, हा यातला धडा.

जवळपास त्याच काळात कॅनडात टोरांटोच्या उपनगरातल्या एका नव्या वसाहतीत कीथ हॅम्प्टन आणि बॅरी वेलमन यांनी वेगळंच पाहिलं. तिथल्या काही घरांना वेगवान इंटरनेट आणि शेजाऱ्यांना एकत्र निरोप धाडायची सोय मिळाली होती, काहींना नव्हती. सोय मिळालेल्या घरांतल्या माणसांना सुमारे तिप्पट शेजारी नावाने ठाऊक होते. पडद्यावर ओळख झाली की माणसं ओट्यावर येऊन बोलू लागली, आणि बिल्डरने ठेवलेल्या त्रुटींविरुद्ध एकत्रही आली. घट्ट मैत्री काही वाढली नाही, वाढल्या त्या विरळ ओळखी.

तिसरं उदाहरण तर डोळे उघडणारं आहे. अमेरिकेत २०१० च्या निवडणुकीच्या दिवशी फेसबुकने सुमारे ६ कोटी लोकांना मतदानाची आठवण करून दिली. नुसती माहिती दिलेल्यांवर काही परिणाम दिसला नाही. आपल्या ओळखीच्यांनी मत दिलंय, असं त्यांच्या चेहऱ्यांसह दाखवलं तेव्हा थोडे जास्त लोक मतदानाला गेले. आणि एकाकडून दुसऱ्याकडे हा परिणाम पोचला तो जवळच्या, बहुधा प्रत्यक्ष भेटीगाठी असलेल्या मित्रांमधून. यादीतल्या बाकीच्या 'मित्रां'चा प्रभाव जवळजवळ शून्य. 'पोलिसात जा' हा सल्ला आणि 'आजींच्या दारात या' ही हाक यांतला फरक मला हे वाचल्यावर नीट कळला. सल्ला कुणालाच उद्देशून नव्हता. हाक एकमेकींना तोंडाने ओळखणाऱ्यांना होती, आणि काय करायचं ते तिच्यात स्पष्ट होतं.

आपल्या देशातलंही सांगते. कर्नाटकातल्या ७५ गावांत अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, अरुण चंद्रशेखर आणि मॅथ्यू जॅक्सन यांनी घराघरांतली नाती कागदावर उतरवली. त्यांनी विचारलं, तुम्ही कुणाच्या घरी जाता, तुमच्याकडे कोण येतं, रॉकेल-तांदूळ उसने कुणाकडून आणता, अडीनडीला पैसे कोण देतं, सल्ला कुणाला विचारता, देवळात कुणाबरोबर जाता. आपण बायका हे सगळं न लिहिता डोक्यात ठेवून असतो, तेच त्यांनी शास्त्र म्हणून मांडलं. पुढच्या अभ्यासात त्यांनी गावकऱ्यांना सरळ विचारलं, गावात बातमी कोण चांगली पसरवतं? मग हरियाणात अशा लोकांनी सांगितलेल्या व्यक्तींच्या फोनवर लसीकरण शिबिरांचे निरोप पाठवले. कुणालाही उचलून निरोप दिलेल्या गावांपेक्षा या गावांत जास्त मुलं लस घ्यायला आली. निरोप फोनवर आला, पण पारावर, पाणवठ्यावर आणि दारोदार तो माणसाच्या तोंडून गेला. ज्या बायांना 'गावभवानी' म्हणून हिणवलं जातं, त्यांना गाव किती मानतं हेही कळलं!

मग आपल्यासाठी यातून काय निघतं? पहिलं म्हणजे, हे सगळे अभ्यास ज्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवतात त्याच्याकडे स्वतःचा फोन आहे, आणि पाय स्वतःच्या मर्जीने घराबाहेर टाकता येतो. आपल्या बायकांचं तसं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या पाचव्या फेरीत, स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रिया देशात ५४ टक्के होत्या. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के आणि पुरुष ५७ टक्के. त्यानंतर फोन वाढले असतीलही, पण हातात फोन असणं आणि तो आपला असणं यात अंतर आहे. ज्या सुनेचा फोन नवरा वाचतो, ती आमच्या गटाच्या सदस्यसंख्येत एक म्हणून मोजली जात होती. खरं तर त्या जागी तिचा नवरा बसलेला होता.

दुसरं म्हणजे, प्रत्यक्ष नातं आधी आणि फोन त्याला जोड, हा क्रमसुद्धा बायकांच्या बाबतीत उलटतो. पुरुष बहुधा जन्मगावी, लहानपणच्या दोस्तांमध्ये राहतो. बाईचा गोतावळा लग्नाच्या दिवशी तुटतो. शाळेतल्या मैत्रिणी कुठल्या कुठे जातात, माहेरचं दार सणापुरतं उघडतं. परक्या गावात ज्या माणसांमध्ये ती राहायला येते ती तिची नसतात, नवऱ्याची असतात. अशा बाईला वीस वर्षांनी वर्गमैत्रिणीचा आवाज फोनवरून ऐकू येतो, तेव्हा फोनने तिचं खरं आयुष्य हिरावलं असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? काही बायकांचा सगळा आधार त्या चौकोनातच आहे. ऊसतोडीला सहा महिने गाव सोडणारीला घरी ठेवलेल्या लेकराचा चेहरा त्याच चौकोनात दिसतो.

तिसरं, शेजारालाही उगाच देव्हाऱ्यात बसवू नये. ज्या गल्लीने आजींचं दार उघडलं, तीच गल्ली कोण किती वाजता आली, कुणाशी बोलली याची नोंद ठेवते. पूर्वी ही नोंद नळावर सांगितली जायची, आता चित्रासकट भावकीच्या गटावर जाते. २०१७ आणि २०१८ मध्ये 'मी टू' म्हणत कितीतरी जणी बोलल्या. त्याआधी ही माहिती कार्यालयांत, नाट्यगृहांत, महाविद्यालयांत 'त्याच्यापासून जपून राहा' अशी एकीच्या कानातून दुसरीच्या कानात जात होती. ज्यांच्या कानाशी कुणी नव्हतं त्यांना ती कळत नव्हती. उघड झाल्याने ती पोचली, हे मोठंच काम झालं. पण घरकाम करणारी, वीटभट्टीवरची, शेतमजूर बाई त्या लाटेत फारशी दिसली नाही. २०१३ च्या कायद्याने तिच्यासाठी जिल्ह्याला स्थानिक समिती ठेवली आहे. आपल्या जिल्ह्यातली ती समिती कुठे बसते, हे किती जणींना सांगता येईल?

म्हणून मैत्रिणींनो, माझा प्रस्ताव असा आहे, की प्रत्येक गटाने स्वतःच्या गोतावळ्याचा अभ्यास करावा. त्याला विद्यापीठ लागत नाही. खडू, जमीन आणि मूठभर चिंचोके पुरेत. मधल्या वर्तुळात आपण. मग एकेक प्रश्न घ्यायचा आणि जितकी माणसं आठवतील तितके चिंचोके ठेवायचे. रात्री बारा वाजता कुणाचं दार वाजवाल? पाचशे रुपये कारण न विचारता कोण देईल? लेकराला तासभर कुणाकडे सोडाल? नव्या योजनेची, कामाची बातमी कुणाकडून कळते? गटातल्या किती जणी तुमच्या घरी येऊन गेल्या आहेत? तुमचा फोन आणखी कोण उघडतं? आणि सगळ्यात महत्त्वाचं: तुमचं बोलणं कुणापर्यंत पोचू नये, आणि त्या माणसाच्या नात्यातलं आपल्यात कोण आहे? फोनवरच्या ओळखींचे चिंचोके उजवीकडे, दारातल्यांचे डावीकडे, आणि दोन्हीकडे असतील ते मध्ये. मधली रास केवढी आहे ते पाहा. आपली खरी ताकद बरीचशी तिथे आहे, आणि धोकाही तिथेच आहे.

मी स्वतः हे करून पाहिलं. माझ्या फोनमध्ये आठशेच्या वर नावं आहेत. दार वाजवावं अशी नावं आठवायला लागले तर चौथ्या चिंचोक्याशी हात थांबला. आधी लाज वाटली. मग वाचनात आलं, की रॉबिन डनबार या ब्रिटिश अभ्यासकाने २०१६ मध्ये हेच दाखवलं होतं. समाजमाध्यमांवर माणसाची यादी कितीही लांबली तरी संकटात ज्यांच्याकडे धाव घ्यावी अशी माणसं चार-पाचच राहतात. म्हणजे लाज वाटायचं कारण नाही, पण सावध व्हायचं कारण आहे. मला चार तरी आहेत. ज्या मैत्रिणीच्या डाव्या बाजूला एकही चिंचोका पडणार नाही, तिच्यासाठी संघटना असते.

एक काळजी मात्र जरूर घ्या. हा नकाशा चुकीच्या हातात पडला तर आपल्याच बाईचा घात करील. म्हणून नावं मोठ्याने घ्यायची नाहीत, फोटो काढायचे नाहीत, कुणाला फोन दाखवायला लावायचं नाही, आणि उठताना जमीन पुसून टाकायची. शिकलेलं आपल्याकडे राहील, नावं जिची तिच्याकडे राहतील.

आम्ही आमच्यापुरते काही निर्णय घेतले आहेत. मारहाणीचा निरोप मोठ्या गटावर टाकायचा नाही. प्रत्येक गल्लीत दोघीजणी ठरल्या आहेत, रात्री त्यांना फोन किंवा दारावर थाप. दोघीही अशा निवडल्या आहेत की रात्री बाहेर पडताना त्यांना कुणाला विचारावं लागत नाही. एक विधवा आहे, दुसरी आजींसारखीच एकटी. ज्यांना समाज बिचाऱ्या म्हणतो, त्याच या कामाला सर्वांत मोकळ्या निघाल्या! १८१ आणि ११२ हे क्रमांक फोन नसलेल्यांनाही तोंडपाठ करून घेतले. आणि वर्षाच्या अहवालात गटाची सदस्यसंख्या लिहिण्याआधी आता आम्ही स्वतःला विचारतो, यातल्या किती जणींचं दार आपल्याला ठाऊक आहे?

ती बाई आता वेगळी खोली घेऊन राहते, खटला चालू आहे. आजींनी अजून फोन घेतलेला नाही, घ्यायचाही नाही म्हणतात. पण दर शनिवारी त्यांच्या ओट्यावर बसून कुणीतरी त्यांना गटावरचं वाचून दाखवते, आणि आजी गल्लीत काय चाललंय ते सांगतात. दोन्ही बातम्या जुळवून पाहिल्या की आम्हाला वस्ती कळते.

तुमच्या गावात, वस्तीत चिंचोक्यांचा हा हिशेब कसा निघाला, कुठे फसला, ते आम्हाला जरूर लिहून पाठवा. नावं-गावं काढून. पुढच्या अंकात त्यावर बोलू.

संपादक मंडळाच्या वतीने,
तुमची मैत्रीण